सोर्स कोडपासून डायरवुल्फ: लिनक्स, मॅक आणि विंडोजवर पहिली बिल्ड

हॅम (हौशी) रेडिओचा परवाना मिळवलेल्या किंवा त्याच्या तयारीत असलेल्या अनेकांना पॅकेट रेडिओ (रेडिओवरून माहिती छोट्या पाकिटांत पाठवण्याची पद्धत) आणि एपीआरएस (त्याच पद्धतीने स्थान व संदेश पाठवण्याची व्यवस्था) यांची ओळख डायरवुल्फ या प्रोग्रॅममुळे होते. पूर्वी संगणक आणि रेडिओ यांच्यामध्ये टीएनसी नावाची स्वतंत्र पेटी लागत असे. ती संगणकाकडून आलेल्या पाकिटांचे आवाजात आणि रेडिओतून ऐकू आलेल्या आवाजाचे पुन्हा पाकिटांत रूपांतर करी. डायरवुल्फ हेच काम संगणकाच्या साउंड कार्डाच्या मदतीने करतो. व्हीएचएफवरील नेहमीच्या १२०० बॉडच्या पाकिटांत १२०० आणि २२०० हर्ट्झ असे दोन सूर वापरलेले असतात आणि त्या सुरांतून बिट ओळखून काढणे हा या प्रोग्रॅमचा गाभा आहे. डब्ल्यूबी२ओएसझेड या कॉलसाइनचे अमेरिकी हौशी जॉन लँगनर यांनी तो लिहिला असून तो जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला आहे. त्याच्या नावाचा विस्तार 'विंडोज किंवा लिनक्सच्या चाहत्यांसाठी रेडिओ लहरींतून उलगडलेली माहिती' अशा अर्थाचा आहे. म्हणजे एकाच कोडवरून वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी प्रोग्रॅम तयार करायचा, हा विचार त्याच्या नावातच आहे. म्हणूनच सोर्स कोडपासून बिल्ड, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणे, शिकण्यासाठी मी नवोदितांना नेहमी हाच प्रोग्रॅम सुचवतो. तो आकाराने आटोपशीर आहे आणि साध्या संगणकावरही थोड्या वेळात कंपाइल होतो.

तयार पॅकेज मिळत असताना हे कष्ट का घ्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. लिनक्सच्या भांडारांतील (तयार पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यांतील) आवृत्ती पुष्कळदा जुनी असते. त्याहून महत्त्वाचे कारण असे, की एखादे पॅकेज तयार करणाऱ्याने कोणत्या ऐच्छिक सोयी त्यात घातल्या आणि कोणत्या वगळल्या, हे वापरणाऱ्याच्या हातात नसते. ट्रान्समीटर चालू-बंद करण्यासाठी हॅमलिब ही लायब्ररी, जीपीएसकडून स्थान घेण्यासाठी जीपीएसडी, आणि साउंड कार्डाच्याच चिपवरून पीटीटी (रेडिओला प्रसारण सुरू करायला लावणारा स्विच) चालवणारी सीएम१०८ची सोय, या सर्व गोष्टी डायरवुल्फमध्ये ऐच्छिक आहेत. बिल्ड करताना त्यांच्यासाठी लागणाऱ्या फाइली सापडल्या नाहीत, तर प्रोग्रॅम अडत नाही. त्या सोयी गाळून तो निमूटपणे तयार होतो. नवोदितांच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे, आणि या लेखात मी पुन्हा पुन्हा याच मुद्द्याकडे येणार आहे.

एक सूचना आधीच देतो. या लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकायच्या आहेत. डायरवुल्फच्या कोडच्या भांडारात वाचा-मला अशा अर्थाच्या नावाची फाइल असते. तिच्यात प्रत्येक सिस्टिमसाठीच्या आज्ञा जशाच्या तशा दिलेल्या आहेत. ती शेजारी उघडी ठेवून हा लेख वाचला, तर कोणती ओळ कशासाठी आहे ते उलगडत जाईल.

जागा तयार करणे

पूर्वी पॅकेज म्हणून बसवलेला डायरवुल्फ असेल, तर तो प्रथम काढून टाकावा. भांडारातून आलेला प्रोग्रॅम 'यूएसआर'खालील 'बिन' या फोल्डरमध्ये बसतो, आणि आपण स्वतः तयार केलेला 'यूएसआर'खालील 'लोकल'मधल्या 'बिन'मध्ये जातो. दोन्ही असतील तर कोणता सुरू होईल, हे पाथमधील (प्रोग्रॅम शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीतील) क्रमावर ठरते. नवी आवृत्ती बसवूनही पडद्यावर जुनाच क्रमांक दिसत असल्याची तक्रार ऐकू येते, तेव्हा कारण बहुधा हेच असते. 'टाइप डॅश ए' ही आज्ञा प्रोग्रॅमच्या नावासह दिली, की त्या नावाचे किती प्रोग्रॅम कोठे आहेत ते कळते. जुना काढल्यावरही तेच टर्मिनल उघडे असेल, तर शेल (टर्मिनलमधील आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) जुना पत्ता लक्षात ठेवून असतो. म्हणून टर्मिनल बंद करून पुन्हा उघडावे.

कोड ठेवण्याच्या फोल्डरच्या नावात रिकाम्या जागा किंवा देवनागरी अक्षरे नसावीत. विंडोजवर अनेकांच्या खात्याचे नाव पूर्ण नाव-आडनाव असते. त्यामुळे वापरकर्त्याच्या फोल्डरच्या मार्गातच रिकामी जागा येते आणि जुन्या पद्धतीची बिल्ड साधने तेथे अडखळतात. सी ड्राइव्हच्या मुळाशी एखादे छोट्या नावाचे फोल्डर करावे आणि तेथेच काम करावे.

लिनक्स आणि रास्पबेरी पाय

बिल्ड समजून घेण्यासाठी लिनक्सइतकी सोयीची जागा नाही. म्हणून पुढे विंडोजवर काम करायचे असले, तरी हा भाग वाचावा अशी माझी शिफारस आहे. डेबियन, उबुंटू आणि रास्पबेरी पायची सिस्टिम यांवर कृती एकच आहे. प्रथम गिट (कोड उतरवणारे), जीसीसी आणि जी प्लस प्लस (कंपायलर, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणारे), सीमेक (बिल्डची तयारी करणारे) आणि मेक (ती बिल्ड पार पाडणारे) ही पाच साधने बसवावीत. नंतर लायब्ररींची पाळी येते आणि येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. तयार प्रोग्रॅम चालवण्यासाठी केवळ लायब्ररी पुरते. तिच्यावर आधारित नवा प्रोग्रॅम कंपाइल करायचा, तर तिच्या हेडर फाइलीही, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या फाइलीही, लागतात. डेबियनच्या कुळात हेडर असलेल्या पॅकेजच्या नावाचा शेवट 'डॅश डेव्ह' असा होतो, फेडोराच्या कुळात 'डॅश डेव्हेल' असा. हॅमलिब संगणकावर आहे, तरी सीमेक ती सापडली नाही असे म्हणत असेल, तर बहुतेक वेळा डेव्ह पॅकेज राहून गेलेले असते.

लिनक्सवर डायरवुल्फला आवाजासाठी आल्सा या लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेची लायब्ररी लागतेच. तिच्याशिवाय तयारीचा टप्पा पुढे सरकत नाही. यूडेव्हची डेव्ह प्रत सीएम१०८च्या पीटीटीसाठी लागते. अवाहीची डेव्ह प्रत घरच्या नेटवर्कवर डायरवुल्फ आपोआप सापडावा यासाठी, जीपीएसडीची स्थानासाठी आणि हॅमलिबची रेडिओवर नियंत्रण ठेवण्यासाठी. आज हव्या नसल्या तरी सर्व बसवून ठेवाव्यात. त्यांनी फार जागा अडत नाही आणि पुढे पुन्हा बिल्ड करण्याचा वेळ वाचतो.

आता 'गिट क्लोन' या आज्ञेपुढे भांडाराचा पत्ता देऊन कोड उतरवून घ्यावा आणि नव्या फोल्डरमध्ये शिरावे. या भांडारात विकासासाठी 'डेव्ह' नावाची एक शाखा आहे आणि प्रकाशित आवृत्त्यांना क्रमांकाचे टॅग लावलेले आहेत. 'गिट टॅग' ही आज्ञा टॅगची यादी दाखवते. 'गिट चेकआउट'पुढे हवा तो टॅग किंवा शाखेचे नाव लिहिले, की कोड त्या स्थितीला येतो. पहिल्यांदा करणाऱ्याने ताजा प्रकाशित टॅग घ्यावा, म्हणजे अडचण आल्यास दोष कोडात नसून आपल्या मांडणीत आहे असे बऱ्याच खात्रीने धरता येते. डेव्ह शाखेत नवे बदल असतात, पण ते अजून पारखले जात असतात.

त्याच फोल्डरमध्ये 'बिल्ड' नावाचे उपफोल्डर करून त्यात जावे आणि तेथून 'सीमेक' ही आज्ञा द्यावी. तिच्यापुढे एक जागा सोडून दोन टिंबे द्यावीत. कोड एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये आहे, असा त्या टिंबांचा अर्थ. वेगळ्या उपफोल्डरचा फायदा असा, की बिल्डमध्ये तयार होणाऱ्या असंख्य फाइली मूळ कोडात मिसळत नाहीत. काही बिघडले, तर ते एकच उपफोल्डर पुसून नव्याने सुरुवात करता येते.

पुढची आज्ञा घाईने टंकण्याआधी येथे थांबावे. सीमेकने पडद्यावर ओतलेल्या ओळी एकेक करून वाचाव्यात. कंपायलर कोणता सापडला, प्रोसेसर कोणत्या जातीचा ओळखला, आणि हॅमलिब, जीपीएसडी, यूडेव्ह यांपैकी काय मिळाले व काय नाही, हे सर्व तेथे लिहिलेले असते. अखेरच्या ओळीत सर्व सुरळीत झाल्याचे दिसते आणि नवोदित तेवढीच ओळ पाहून पुढे जातो. महिनाभराने कॉन्फिगरेशन फाइलमध्ये हॅमलिबची ओळ लिहिल्यावर प्रोग्रॅम ती नाकारतो, तेव्हा शोध केबलपासून सुरू होतो आणि रेडिओच्या मेनूपर्यंत जातो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एक पूर्ण रविवार सिरिअल केबल बदलण्यात घालवला होता. दोष केबलचा नव्हता. मी न वाचलेल्या एका ओळीत तो आधीच स्पष्ट सांगितलेला होता.

एखादी गोष्ट सापडली नसेल, तर तिचे डेव्ह पॅकेज बसवावे, बिल्ड उपफोल्डर रिकामे करावे आणि सीमेक पुन्हा चालवावे. रिकामे करणे गरजेचे आहे, कारण सीमेक आपले निष्कर्ष एका साठवणीच्या फाइलमध्ये जपून ठेवतो. एकदा एखाद्या लायब्ररीचा जुना पत्ता त्यात नोंदला गेला, की नवी आवृत्ती दुसरीकडे बसवली तरी तो जुन्याच पत्त्याकडे पाहत राहतो.

यादी मनासारखी झाली, की 'मेक' ही आज्ञा द्यावी. 'डॅश जे ४' हा पर्याय जोडला, तर चार कामे समांतर चालतात. डायरवुल्फ मुख्यतः सी भाषेत लिहिलेला असल्याने रास्पबेरी पायवरही तो बिनतक्रार पार पडतो. एफएलडीजीसारखे सी प्लस प्लसमधले मोठे प्रोग्रॅम मात्र कमी मेमरीच्या पायवर चार समांतर कामे झेलू शकत नाहीत. कंपायलरची प्रक्रिया मध्येच मारली गेल्याचा संदेश आला, तर कोडला दोष न देता आकडा एकवर आणावा. कंपाइल होताना दिसणाऱ्या इशाऱ्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. काम थांबवते ती फक्त चूक. ती शोधताना पडद्यावरील शेवटची ओळ न पाहता पहिली चूक पाहावी, कारण पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच जन्मलेल्या असतात.

शेवटी 'सुडो मेक इन्स्टॉल'ने प्रोग्रॅम बसवावा (सुडो म्हणजे पुढची आज्ञा रूट या प्रशासक खात्याच्या अधिकाराने चालवणे) आणि त्यानंतर 'मेक इन्स्टॉल-कॉन्फ' ही आज्ञा सुडोशिवाय द्यावी. दुसरी आज्ञा नमुन्याची कॉन्फिगरेशन फाइल आपल्या होम फोल्डरमध्ये ठेवते. तिच्याआधी सुडो लावले, तर फाइलची मालकी रूटकडे जाते आणि पुढे ती बदलताना अडथळा येतो.

रेडिओ न जोडता पडताळणी

केबलींच्या नादी लागण्याआधी प्रोग्रॅम स्वतःच तपासावा. डायरवुल्फ सुरू होताच आपला आवृत्ती क्रमांक सांगतो. त्याच्या खालच्या ओळीत आपल्यात कोणत्या ऐच्छिक सोयी सामावल्या आहेत याची यादी देतो. सीमेकच्या वेळी वाचलेली यादी आणि ही यादी जुळली पाहिजे. हॅमलिब हवी होती आणि येथे तिचे नाव नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. बिल्ड उपफोल्डरकडे परत फिरावे.

त्यानंतरची चाचणी मला विशेष आवडते, कारण तिला रेडिओ लागत नाही, अँटेना लागत नाही आणि परवानाही लागत नाही. डायरवुल्फसोबत 'जेन अंडरस्कोर पॅकेट्स' आणि 'एटेस्ट' नावाचे दोन छोटे प्रोग्रॅम तयार होतात. पहिला पाकिटांचा आवाज असलेली वेव्ह फाइल बनवतो, दुसरा ती ऐकून पाकिटे उलगडतो. पहिल्याला 'डॅश एन १००' असे सांगितले, की तो शंभर पाकिटे तयार करतो आणि प्रत्येक पुढच्या पाकिटात खरखर थोडी वाढवत नेतो. त्यामुळे एटेस्टला शंभरच्या शंभर उलगडत नाहीत, आणि ते अपेक्षितच आहे. मिळालेला आकडा वहीत लिहून ठेवावा. उद्या दुसऱ्या सिस्टिमवर किंवा नव्या आवृत्तीवर बिल्ड केली, तर याच फाइलवर आकडा जवळपास तोच यायला हवा. तो खूप घसरला, तर बिल्डमध्ये काहीतरी चुकले आहे असे समजावे.

हॅमलिबही सोर्सपासून हवी असेल तर

नव्या रेडिओसाठी भांडारातील हॅमलिब अनेकदा जुनी पडते आणि तीही स्वतः बिल्ड करावी लागते. तिची पद्धत सीमेकची नसून ऑटोटूल्सची आहे. प्रकाशित आवृत्तीच्या गठ्ठ्यात 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट तयार असते. गिटमधून थेट कोड घेतला, तर ती नसते. त्यासाठी ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल बसवून आधी 'बूटस्ट्रॅप' ही स्क्रिप्ट चालवावी लागते. नवोदितांनी गठ्ठाच घ्यावा. कॉन्फिगर, मेक आणि सुडो मेक इन्स्टॉल अशा तीन पायऱ्यांनंतर लिनक्सवर 'सुडो एलडी-कॉन्फिग' ही चौथी आज्ञा विसरू नये. ती न दिल्यास लायब्ररी डिस्कवर असूनही प्रोग्रॅमला दिसत नाही आणि सामायिक लायब्ररीची फाइल उघडता येत नाही असा संदेश येतो.

हॅमलिबसोबत 'रिगसीटीएल' हा प्रोग्रॅम येतो. 'डॅश एल' पर्याय दिला, की त्याला माहीत असलेल्या रेडिओंची यादी मिळते. या यादीत क्रमांक १चा रेडिओ नकली आहे. तो केवळ चाचणीसाठी ठेवला आहे. त्या क्रमांकावर रिगसीटीएल नीट बोलू लागला, तर लायब्ररी ठीक बसली आहे असे धरावे. मग डायरवुल्फचे बिल्ड उपफोल्डर रिकामे करून तो पुन्हा बिल्ड करावा. भांडारातली हॅमलिब आणि स्वतः बिल्ड केलेली हॅमलिब एकाच वेळी संगणकावर ठेवू नये. कोणती जोडली गेली याचा गोंधळ नंतर निस्तरणे फार कष्टाचे असते.

मॅक

मॅकवर कंपायलर मिळवण्यासाठी टर्मिनलमध्ये 'एक्सकोड-सिलेक्ट डॅश डॅश इन्स्टॉल' ही आज्ञा द्यावी. ॲपलची कमांड लाइन साधने तिच्याने बसतात. पूर्ण एक्सकोड उतरवण्याची गरज नाही. नंतर होमब्रू किंवा मॅकपोर्ट्स या पॅकेज बसवणाऱ्या व्यवस्थांपैकी एकच निवडावी आणि तिच्यातून सीमेक, पोर्टऑडिओ आणि हॅमलिब घ्यावे. मॅकवर आल्सा नसते. आवाजाचे काम डायरवुल्फ पोर्टऑडिओकडे सोपवतो, म्हणून तेथे ती लायब्ररी अनिवार्य आहे. बाकीची कृती लिनक्ससारखीच आहे.

दोन ठिकाणी मात्र हमखास अडते. ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर होमब्रू आपल्या सर्व वस्तू 'ऑप्ट'खालील 'होमब्रू' फोल्डरमध्ये ठेवते, तर इंटेलच्या मॅकवर 'यूएसआर'खालील 'लोकल'मध्ये. सीमेकला लायब्ररी सापडत नसतील, तर 'सीमेक प्रीफिक्स पाथ' या चलात योग्य फोल्डर द्यावे. होमब्रूच्या आज्ञांआधी सुडो कधीही लावू नये. दुसरी अडचण बिल्डची नाही, परवानगीची आहे. सेटिंग्जमध्ये टर्मिनलला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी दिलेली नसेल, तर प्रोग्रॅम सुरू होतो, चूक दाखवत नाही, पण त्याला केवळ शांतता ऐकू येते. पाकिटे मिळत नाहीत म्हणून पुन्हा बिल्ड करण्याआधी ही परवानगी तपासावी.

विंडोज

विंडोजवर लेखकाने तयार करून दिलेली झिप फाइल मिळते आणि फक्त वापर करायचा असेल, तर तीच घ्यावी असे माझे प्रामाणिक मत आहे. कोडात बदल करायचा असेल किंवा शिकायचेच असेल, तर एमएसवायएस२ (विंडोजवर लिनक्ससारखी बिल्ड साधने देणारी व्यवस्था) बसवावे. ते बसल्यावर स्टार्ट मेनूत एकाऐवजी अनेक टर्मिनल दिसतात आणि चुकीचे टर्मिनल उघडणे ही येथली सर्वांत सामान्य चूक आहे. नुसत्या एमएसवायएस नावाच्या टर्मिनलमध्ये बिल्ड केलेला प्रोग्रॅम त्या व्यवस्थेच्या डीएलएलवर (विंडोजच्या सामायिक लायब्ररीच्या फाइलीवर) अवलंबून राहतो. विंडोजचा अस्सल प्रोग्रॅम हवा, तर यूसीआरटी६४ किंवा मिंगडब्ल्यू६४ यांपैकी एक निवडावे आणि शेवटपर्यंत त्यातच राहावे. कंपायलर आणि सीमेक यांची पॅकेजेसही त्याच व्यवस्थेच्या उपसर्गाची असली पाहिजेत. 'पॅकमन डॅश एस वाय यू'ने व्यवस्था अद्ययावत करताना मध्येच टर्मिनल बंद करण्यास सांगितले जाते. ते पुन्हा उघडून तीच आज्ञा दुसऱ्यांदा द्यावी.

आवाजाची लायब्ररी येथे वेगळी आणावी लागत नाही, कारण डायरवुल्फ विंडोजच्या अंगभूत ध्वनिसेवेचा उपयोग करतो. तयार झालेला प्रोग्रॅम त्या टर्मिनलमध्ये चालतो, पण बाहेर दुहेरी क्लिक केल्यावर एखादी डीएलएल नसल्याचे सांगतो, असे दिसल्यास ती डीएलएल त्याच व्यवस्थेच्या 'बिन'मधून प्रोग्रॅमशेजारी आणून ठेवावी. विंडोजवर कॉन्फिगरेशनची फाइलही प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच असावी.

विंडोजमधल्या लिनक्स उपप्रणालीत, म्हणजे डब्ल्यूएसएलमध्ये, बिल्ड सहज होते. पण यूएसबीवरचे साउंड कार्ड आणि सिरिअल पोर्ट तेथे आपोआप पोहोचत नाहीत. सरावासाठी ती जागा उत्तम आहे, रेडिओ जोडण्यासाठी मी ती सुचवणार नाही.

रेडिओ जोडताना

कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'मायकॉल'पुढे नमुन्यादाखल 'एन०कॉल' लिहिलेले असते. परवानाधारकाने तेथे आपला व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन घालावा. भारतात हॅम रेडिओवरून प्रसारण करण्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना आवश्यक आहे. तो हाती येईपर्यंत पीटीटीची ओळ फाइलमध्ये लिहूच नये. लिनक्सवर 'एरेकॉर्ड डॅश एल'ने साउंड कार्डाचा क्रमांक पाहावा आणि 'एडिव्हाइस'च्या ओळीत तोच द्यावा. सिरिअल पोर्ट उघडता येत नसेल, तर आपले खाते 'डायलआउट' गटात जोडून पुन्हा लॉगिन करावे.

एक खबरदारी सुरक्षिततेची आहे. सिरिअल पोर्ट उघडताक्षणी संगणक त्याच्या नियंत्रणतारा क्षणभर किंवा कायमच्या चालू करू शकतो, आणि पीटीटी त्याच तारेवर असेल, तर प्रोग्रॅम सुरू होताच ट्रान्समीटर चालू होतो. म्हणून पहिल्या वेळी रेडिओ डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, शक्ती जिरवणाऱ्या रोधावर) ठेवावा, शक्ती किमान करावी आणि हात स्विचजवळ ठेवावा.

प्रत्यक्ष पाकिटे ऐकण्यासाठी आसपास एपीआरएसचे केंद्र असलेच पाहिजे असे नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील हॅम यंत्रणा पॅकेटसाठी चालू असते, तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर तिची पाकिटे ऐकू येतात. चांगली फेरी सुमारे दहा मिनिटांची असते. दोन मीटरच्या पट्ट्यावर डॉप्लरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, वारंवारितेत होणारा फरक साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास राहतो, त्यामुळे साध्या एफएम रिसीव्हरला तो फारसा अडत नाही. रिसीव्हरचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा ठेवावा, कारण स्क्वेल्च उघडेपर्यंत पाकिटाची सुरुवात निघून जाते आणि उरलेले पाकीट निरुपयोगी ठरते. डायरवुल्फ प्रत्येक पाकिटासोबत आवाजाची पातळी छापतो. ती पन्नासच्या जवळपास राहील, अशा बेताने आवाज लावावा.

पुढच्या आवृत्तीच्या वेळी भांडाराच्या फोल्डरमध्ये 'गिट फेच'ने नवे टॅग आणावेत, हवा तो निवडावा, बिल्ड उपफोल्डर रिकामे करून त्याच पायऱ्या कराव्यात आणि वहीतल्या आकड्याशी एटेस्टचा आकडा ताडून पाहावा. रिकामे करण्याआधी त्या उपफोल्डरमधील 'इन्स्टॉल मॅनिफेस्ट' ही फाइल मात्र बाजूला काढून ठेवावी. मेक इन्स्टॉलने कोणती फाइल कोठे ठेवली, याची पूर्ण नोंद तिच्यात असते, आणि कधी प्रोग्रॅम समूळ काढायची वेळ आली, तर तीच यादी कामी येते.